समृद्धीचं उत्तर

ढोकीत माझं ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं दुकान आहे. सरकारी कागदातलं मला सगळं कळतं, असा माझा तोरा होता. त्या तोऱ्यापायीच समृद्धी गेली.

मथुराबाई आमच्या गल्लीत ऊसतोड्यांची पोरं सांभाळायच्या. बायका पहाटे फडात जायच्या आणि दिवस मावळला की आपापलं लेकरू घेऊन जायच्या. समृद्धीला मात्र कुणी न्यायला आलं नाही. दोन हंगामांपूर्वी तिची आई तिला ठेवून गेली ती गेलीच, फोनही बंद. पाच वर्षांची ती पोर मथुराबाईंनाच आई म्हणायची, त्यांच्याच कुशीत झोपायची.

यंदा बिनपरवान्याच्या पाळणाघरांची तपासणी होणार, अशी हूल उठली. मथुराबाई धापा टाकत दुकानात आल्या.

"दीपमाला, लई घोर लागलाय बग. काय लागंल ती कागदं कर. माझ्या समृद्धीला कुणी न्यायला नगं."

मी अक्कल पाजळली. "मावशी, दिवसा पोरं सांभाळली तर ते पाळणाघर. रात्री परकं लेकरू ठेवलं की त्याला बालगृहाचा परवाना लागतो, आन् त्यो काय तुमाला मिळायचा न्हाय. कुणी विचारलं तर सांगा, हिची आई फडात गेलीय, संध्याकाळी नेती. आन् तिला आई म्हणू देऊ नका. बाई म्हणायला शिकवा."

आठ दिवस मथुराबाईंनी तिच्याकडून घोकून घेतलं. आई म्हणून हाक मारली की त्या पाठ फिरवायच्या. पोर रडायची, मग बाई म्हणायची, मगच जेवायला मिळायचं. मी हे डोळ्यांनी बघितलं आणि गप्प बसले. लाज वाटते.

तपासणीला आलेल्या मॅडमनी अंगणवाडीच्या वहीत पाहिलं, तर समृद्धीचा पत्ता मथुराबाईंचाच. प्रकरण धाराशिवला बालकल्याण समितीपुढं गेलं. मीही सोबत गेले.

समितीवरच्या ताई मायेच्या होत्या. म्हणाल्या, "परवान्याचं नंतर बघू. लेकरू यांना आई मानत असेल, तर यांच्याच घरी ठेवायचा विचार करता येईल. तिलाच विचारते. तुम्ही कुणी मध्ये बोलू नका."

ताईंनी समृद्धीला जवळ बोलावलं.

"बाळ, या तुझ्या कोण?"

समृद्धी ताठ उभी राहिली. "पाळणाघरातली बाई."

"आणि आई?"

"आई फडात गेलीय. संध्याकाळी नेती."

"ताई, म्याच शिकीवलंय तिला!" मथुराबाई ओरडल्या. मीही पुढं झाले, सगळा दोष माझा म्हणून सांगितलं. ताईंचा चेहरा उतरला. एवढ्याशा लेकराला खोटं बोलायला लावलंत, एवढंच त्या म्हणाल्या. चौकशी होईपर्यंत समृद्धीला बालगृहात ठेवायचं ठरलं.

गाडीत बसवताना ती खुशीत होती. गाडीत बसायला मिळालं म्हणून असेल. तिनं खिडकीतून मथुराबाईंचा पदर धरला.

"बाई, मी बरोबर बोलले ना?"

"व्हय गं माझे राणी."

"मग आता आई म्हणू?"

मथुराबाईंनी होकाराची मान हलवली. गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत पोर हसत हसत आई, आई म्हणत होती.