सुई निघालेली जागा

"सून माझी भागली गं, पाय तिचे झाले जड;
तळव्याला तेल लावी, शिणा, आता खाली पड."

साताऱ्यातल्या बाळंतिणीच्या खोलीत सासूबाईंनी हळू आवाजात म्हटलेली ही ओवी. प्रयोगशाळेचा फोन आल्यापासून विभावरीच्या कानातून ती काही हलेना.

जर्मनीत, रेगेन्सबर्ग शहराच्या पलीकडे, डोंगरातल्या एका लहानशा चिनी उपचारांच्या इस्पितळात विभावरी डॉक्टर होती. रुग्णांना इस्पितळातच नवी लागण होऊ नये, हे बघायचं काम तिचं. दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात सासूबाई, शोभनाबाई, साताऱ्याहून आल्या त्या दुखरा गुडघा घेऊनच. विभावरीनं त्यांना तिथंच दाखल केलं. डॉक्टर लिन सुया टोचत, दवण्यासारख्या वासाच्या पाल्याचा शेक देत. बाई खूश.

"चिनी असला तरी हात आपल्यातला आहे हो त्याचा!"

भाषा येत नव्हती, पण माया कुठं भाषेला अडते? सुया निघाल्या की निर्गुडीच्या तेलाची बाटली घेऊन बाई शेजारच्या खाटांकडे जात. पलीकडच्या खाटेवरची फ्राऊ लेखनर, म्हणजे लेखनरबाई, आपणहून गुडघा पुढं करी.

"गूट, श्योभना, गूट!"

"गूट राहू दे, पाय ढिला सोड आधी."

सुई निघालेल्या जागेला दिवसभर कुणाचा हात लागू नये, अशी पाटी विभावरीनंच भिंतीवर लावली होती. जर्मनमध्ये.

मग फ्राऊ लेखनरसकट शेजारच्या तिघींचे गुडघे पिकले. नेहमीच्या औषधांना न जुमानणारा जंतू निघाला. फ्राऊ लेखनरला शहरातल्या मोठ्या इस्पितळात हलवलं, तिचा ताप उतरेना. सुया कोऱ्या, एकदाच वापरायच्या, तरी सगळी बोटं लिनकडे वळली. शेफ, म्हणजे इस्पितळाचे प्रमुख, म्हणाले, "आज संध्याकाळपर्यंत दुसरं कारण निघालं नाही, तर लिनना मी ठेवू शकत नाही."

विभावरीनं रुग्णांचे, डॉक्टरांचे, सगळ्यांचेच नमुने तपासायला पाठवले होते. आज फोन आला. लिनच्या नमुन्यात काही नव्हतं; लेखनरच्या जखमेतला आणि शोभनाबाईंच्या नाकातला जंतू एकच. गेल्या वर्षी साताऱ्यात बाईंचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून तो नाकात बिऱ्हाड करून बसला असावा. बाईंना स्वतःला साधी शिंकही नव्हती.

शेफना सांगायचं होतंच. पण आधी घरच्या माणसाला. दुपारी ती खोलीशी आली आणि दाराच्या कडीवर हात ठेवून नुसतीच उभी राहिली. शेवटी आतूनच हाक आली.

"कोण, विभा? ये की. लेखनरबाई कशी आहे गं?"

"ताप आहे अजून."

"देवा! आणि तो लिन? सकाळी डोळे रडल्यासारखे होते त्याचे. जेवला तरी का?"

"ठाऊक नाही, आई."

"आल्झो, ऐक." 'तर मग' अशा अर्थाचा हा जर्मन शब्द त्या हल्ली मोठ्या ऐटीत वापरत. "मला तुमच्या साहेबाकडे ने. मी सांगते, तू फक्त जर्मन कर. म्हणावं, या माणसाच्या हातून कुणाचं वाईट होणार नाही. गरीब गाय सापडली म्हणून सगळे मारायला निघालेत!" त्या उठल्या, शाल सारखी केली, चपला शोधू लागल्या. "चल. ज्यानं कुणी केलंय तो गप्प बसलाय, आणि हा बिचारा भोगतोय. शोभतं का हे?"

विभावरीनं दार लावून घेतलं. सासूबाईंना खांद्याला धरून खाटेवर बसवलं आणि स्वतः खाली, त्यांच्यासमोर बसली.

"अशी काय बघतेस? बोल की."

"आई, डॉक्टर लिनच्या सुयांनी नाही झालं ते. जंतू तुमच्या नाकात आहे. तुम्हाला कळायचं काही कारणच नव्हतं. तेल लावताना तुमच्या बोटांवरून त्यांच्या सुईच्या जागांत गेला. आई, लेखनरबाईंना तो तुमच्या हातून लागलाय."