हळकुंडाचा दोरा

साबणाच्या पाण्याने सरकवत आणलेली शेवटची हिरवी बांगडी दमयंतीच्या हातातून निघाली, आणि आनंदीबाईंनी ती पदराच्या टोकाला बांधली. ऑपरेशनला हातात काच नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण नवरा बोटीवर आणि बायकोचा हात रिकामा? आनंदीबाईंनी हळकुंड ओवलेला दोरा सुनेच्या दंडावर, चोळीच्या बाहीआड, करकचून बांधला.

"बांगड्या परत चढेपर्यंत सोडायचा नाही. माझ्या हरिश्चंद्राची शपथ आहे."

टेबलावर डॉक्टरांनी बाहीवरूनच रबराची नळी आवळली. शीर वर आली, सुई शिरली, नळी सुटली. औषध मुंबईहून आलेलं, नवं. क्लोरोफॉर्मसारखं नाक दाबायला नको. दहा मोजेपर्यंत झोप.

"मोज, मुली."

"एक... दोन..." तिसऱ्या आकड्याला तिचा चेहरा पिळवटला. "आत्याबाई, हातात निखारे भरतायत हो!"

"जरा सोस गो, बाय."

पंधरा झाले, वीस झाले. पुढचे आकडे तिला येत नव्हते. ती पुन्हा एकपासून मोजू लागली.

डॉक्टरांचा हात थांबला. "सुई शिरेतच आहे. मग औषध पुढे का जात नाही? पोटातली गाठ फुटली तर माझ्या हातात काही राहायचं नाही."

दंडाखालचा हात जांभळा पडून टरटरला होता. आनंदीबाईंना उमगलं. वीस वर्षांपूर्वी विहिरीच्या धोंडीवर त्यांच्या स्वतःच्या बांगड्या फुटल्या होत्या. तो आवाज अजून कानात होता. त्यांनी बाहीकडे हात नेला.

दमयंतीने दुसऱ्या हाताने त्यांचं मनगट पकडलं. डोळ्यांतलं पाणी तिच्या कानात उतरत होतं.

"नको. ते बोटीवर आहेत."

आनंदीबाईंनी हात सोडवून घेतला. बाही वर सारली. गाठ नखांना दाद देईना. त्या वाकल्या आणि दोरा त्यांनी दातांनी तोडला. हळकुंड फरशीवरून घरंगळत टेबलाखाली गेलं.

"मोज गो."

"एक..."

'दोन' ओठांवरच राहिला.

"आता बाहेर बसा, बाई."

त्या हलल्या नाहीत. सुनेचं रिकामं मनगट त्यांनी अंगठा आणि बोट जुळवून कड्यासारखं धरलं होतं.

"हात सोडा म्हणतो ना!"

"सैलच धरलाय हो, डॉक्टर."