ब्रशाला कुणी विचारलंच नाही

मी एक जुना ब्रश आहे. लाकडी दांड्याचा, दाट केसांचा. छोट्याशा बेकरीत बनांवर अंड्याचा हात फिरवणं हे माझं काम होतं. आता मी शेजारच्या रंगाऱ्याकडे असतो. पण खरं सांगू, मित्रांनो? माझ्या जिवाला अजून स्वस्थता नाही.

मला बेकरीत आणलं अब्बांनी, म्हणजे आताच्या मालकिणीच्या सासऱ्यांनी. त्यांनी मला फिरवलं की बन असे चकाकत निघायचे, की गिऱ्हाईक विचारायचं, "लावता तरी काय?" अब्बा मला उंच धरून म्हणायचे, "ही सगळी याची करामत!" मी फुशारून जायचो. पुढे त्यांचे हात कापू लागले, बेकरी सुनेकडे आली. तरी मला गरम पाण्याने धुवायचं काम त्यांनी कुणाला दिलं नाही.

हळूहळू गिऱ्हाईक रोडावलं. समोरच्या दवाखान्याचं कँटीन रोज बन घ्यायला तयार होतं, पण हलाल प्रमाणपत्र असेल तरच. ते मिळालं नाही तर भट्टी विझणार, हे सुनेला कळून चुकलं होतं. अब्बा मात्र भडकले.

"आपल्या घरात कधी हराम शिरलंय? आपल्याला कागद कशाला?"

"अब्बा, ते आपल्याला माहीत. त्यांना कसं कळणार?"

तिने बेकरी पालथी घातली. इसेन्स, चरबी, जिलेटीन, सगळ्यांची चौकशी केली. शंका आली ते बाहेर. मी मग्यात उभा राहून बघत होतो. मला कुणी काही विचारेना. का कोण जाणे, माझे केस गळू लागले.

तपासनीस आले. सगळं बघून त्यांनी मान डोलावली, सुनेच्या जिवात जीव आला. तेवढ्यात त्यांना एका बनावर केस दिसला.

"माझ्या दाढीचा असेल," अब्बा हसले.

तपासनिसांनी मला उचललं, माझा एक केस उपटून उजेडात धरला. टोकाला फाटे फुटलेले होते.

"चाचा, हे डुकराचे केस आहेत. बऱ्याच बेकऱ्यांत असे ब्रश निघतात."

धरणीने मला पोटात घ्यावं असं झालं. मित्रांनो, मला तरी कुठे ठाऊक होतं?

"मी रोज धुवायचो हो याला," अब्बा पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. "रोज धुवायचो."

"लपवलं नाहीत, नकळत झालं," तपासनीस म्हणाले. "सगळं नीट धुऊन घ्या. मी पुन्हा येतो."

सून सासऱ्यांना एका शब्दाने बोलली नाही. तिने पाणी तापत ठेवलं. मला कागदात गुंडाळून अब्बांनी स्वतः रंगाऱ्याकडे नेलं. "याचा काय दोष," एवढंच म्हणाले.

प्रमाणपत्र मिळालं. भट्टी पेटती आहे, त्याचा शेक भिंतीतून मलाही लागतो. मित्रांनो, वस्तू जपा, धुवा, पुसा. पण ती कशाची आहे, कुठून आली, हेही विचारा. परवा बेकरीत नवा ब्रश आला. भिंतीपलीकडून अब्बांचा आवाज ऐकू आला.

"तू कशाचा रे, बाळा? आधी ते सांग, मग हातात घेतो."

मला त्यांनी हे कधीच विचारलं नव्हतं.