कोणाचंच काम नसलेलं काम

साजाटोल्याच्या जिल्हा परिषद शाळेत रुख्माबाईचं काम भात शिजवण्याचं. सकाळी नऊला यायचं, तांदूळ निवडायचे, डाळ धुवायची, दीडच्या आत एकशे बारा पोरांचं जेवण उतरवायचं, मग भांडी घासून घरी. कागदावर एवढंच. पण चार वर्षांपासून तिच्याकडे आणखी एक काम होतं, आणि ते तिला कोणी सांगितलेलं नव्हतं.

आचल पहिलीत आली तेव्हाची गोष्ट. पोरीचे दोन्ही पाय जन्मापासून ताठ. उभं करायला गेलं की एकमेकांत कात्रीसारखे अडकायचे. तिचा आजा पुनाराम तिला सायकलच्या कॅरियरवर पोतं घालून बसवायचा, दुपट्ट्याने आपल्या कमरेशी बांधायचा आणि चिचगडच्या रस्त्याने दीड मैल सायकल मारत शाळेत आणायचा. वर्गात सतरंजीवर भिंतीला टेकवून ठेवलं की तो धानाच्या बांधीवर जायला मोकळा. शाळा सुटेपर्यंत पोरगी त्या भिंतीपाशी.

पहिल्याच आठवड्यात रुख्मा वर्गावर्गांतून पोरं मोजत फिरत होती. पहिलीच्या वर्गात येईपर्यंत सुटी झाली, सगळी पोरं मैदानात गेली, आणि ही एकटी भिंतीशी ओठ दातांखाली धरून बसलेली.

"काऊन वो, पोट दुखून राहिलं का?"

पोरीने मान हलवली. मग अगदी हळू म्हणाली, "लघवीले जायचं आहे."

रुख्माने ओले हात लुगड्याला पुसले आणि तिला उचलून नेलं. बस, तेव्हापासून सुरू झालं ते. दिवसातून दोनदा, कधी तीनदा. शाळेच्या मागे अपंगांसाठी वेगळा संडास होता, त्याला उतरता सिमेंटचा रस्ता होता, भिंतीवर खुर्चीचं निळं चित्रही होतं. पण व्हरांड्यापासून त्या रस्त्यापर्यंतचं अंगण मुरमाचं. आचल तिसरीत असताना सरकारी चाकाची खुर्ची आली, तिची पुढची चाकं त्या मुरमात रुतायची. शेवटी उचलणंच खरं. बारा किलोची पोरगी पाचवीत जाईपर्यंत पंचवीस किलोची झाली, आणि रुख्मा पन्नाशी ओलांडून पुढे गेली. दिवसभर वाकून धानाचे पऱ्हे लावायला तिची कंबर आता साथ देत नव्हती, पण या पोरीला कसं कोण जाणे, उचलता यायचं.

जाता-येता पोरगी तिच्या खांद्यावर हनुवटी टेकवून हिशेब सांगायची. पाचवीपर्यंतच्या पोरांना शंभर ग्रॅम तांदूळ, वरच्यांना दीडशे. आज खाली सत्तर आले, वर अडतीस.

"बारा किलो सातशे, आजी. तू आपली तेरा घे, चुन्नीलालचा नातू दोनदा मांगते."

रुख्मा हसायची. तिला स्वतःला चौथीपुढचं काही येत नव्हतं. तालुक्यातल्या बेचाळीस शाळांना मिळून एक विशेष शिक्षक होते, योगराज सर. महिन्यातून एकदा मोटारसायकलवर यायचे, आचलला गणितं घालायचे आणि हेडमास्तरांना सांगून जायचे, "ही मुलगी माझ्या बेचाळीस शाळांत पहिली आहे." ते ऐकून रुख्माला वाटायचं, यातला थोडा वाटा आपलाही आहे.

यंदाच्या जुलैत कुंपणाजवळ खेळणाऱ्या चार पोरांनी चंद्रज्योतीच्या बिया फोडून खाल्ल्या. दुपारी जेवणं झाल्यावर तासाभरात चौघांना उलट्या सुरू झाल्या. दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी बिया ओळखल्या, रात्रभर ठेवून सकाळी पोरं घरी सोडली. गोष्ट तिथेच संपायला हवी होती. पण चौघांत एक चुन्नीलालचा नातू होता, आणि चुन्नीलाल शाळा समितीचा अध्यक्ष. तिसऱ्या दिवशी सभा बसली.

"डॉक्टर काही म्हनो," चुन्नीलाल म्हणाला. "जे हात त्या पोरीले धुवतात तेच हात आमच्या पोराईच्या भातात जातात का नाई, एवढं सांग."

"साबन लावतो जी," रुख्मा म्हणाली. "कोपरापर्यंत. दोनदा."

"लावत असशील. पन जातात का नाई?"

सभेतल्या बायका खाली पाहत होत्या. त्यांच्यातल्या कितीतरी जणींच्या पोरांना रुख्माने चार घास जास्त वाढले होते. तिने हेडमास्तरांकडे पाहिलं. प्रफुल सर वाईट माणूस नव्हते. ते गोंदियाहून रोज येऊन-जाऊन करत, पोरांवर हात उचलत नसत. त्यांनी समोरची वही उगाच सरळ केली.

"स्वयंपाकी बाईंच्या कामाची यादी ठरलेली आहे, रुख्माबाई. हे काम त्यात नाही."

"मंग कोनाच्या यादीत आहे जी?"

 सुमित्रा मॅडम शिकवणाऱ्यांत एकट्या बाई, त्यांना सातवा महिना. बाकी सगळे पुरुष मास्तर. "मदतनीसाची मागणी वर पाठवतो," सर म्हणाले. "तोपर्यंत तिच्या आईने यावं."

"आनि तू ठरव," चुन्नीलाल रुख्माला म्हणाला. "भात शिजवाचा का पोरगी उचलाची. दोन्ही नाई चालणार."

रुख्माच्या डोळ्यांपुढे चिखलाची बांधी आली, वाकलेली कंबर आली, नवरा गेल्यावरची पहिली दोन वर्षं आली. हे काम दरसाल समितीच्या हातात. तिच्या मागे नाव लावून बसलेल्या तीन बायका त्या सभेतच होत्या.

"भात शिजवतो," ती म्हणाली.

आचलची आई नीतू अकरा दिवस आली. सकाळी येऊन व्हरांड्याच्या खांबाला टेकून बसायची, पोरीने हाक दिली की उठायची. पण धानाची रोवणी ऐन भरात होती. घरची दीड एकर, शिवाय ठेक्याने घेतलेली तीन एकर, आणि पऱ्हे जून होऊन पिवळे पडायला लागलेले. बाराव्या दिवशी ती आली नाही.

त्यानंतर आचलने कोणालाच हाक दिली नाही.

पंगतीत वाढताना रुख्माच्या ध्यानात आधी वरणाचं आलं. पोरगी म्हणायची, "सुक्का भातच दे, आजी." मग ध्यानात आलं की शेजारी बसणाऱ्या निशाच्या पुढे पाण्याचे दोन पेले असतात, आचलच्या पुढे एकही नाही.

"पानी काऊन नाई पीत वो?"

"तहान नाई."

तिच्या ओठांना भेगा पडल्या होत्या. रुख्मा हातात वरणाचं भांडं घेऊन तिच्यापुढे क्षणभर थांबली. तिला सगळं कळलं. आणि कळल्यावर ती पुढच्या पोराला वाढायला लागली. पुढे कितीतरी दिवस तिला जे सलत राहिलं ते हेच, की आपल्याला कळलं होतं.

पोळ्याच्या आधीच्या शुक्रवारी चुन्नीलाल जेवणाची चव पाहायला आला होता. पोषण आहाराच्या वहीत अध्यक्षाची सही लागते. तो व्हरांड्यात खुर्ची टाकून बसला होता, हातात ताटली. पाचवीच्या वर्गातून आवाज आला.

"आजी."

आवाज मोठा नव्हता, पण रुख्माला तो शंभर पोरांच्या गलक्यातही ओळखू आला असता. तिच्या हातात भात वाढायचा सराटा होता. चुन्नीलालने मान वर केली नाही. तो भात कालवत होता. रुख्माने समोरच्या पोराला वाढलं. त्याच्या पुढच्याला वाढलं. दुसरी हाक येईल, मग जाऊ, असं तिने मनात ठरवलं. दुसरी हाक आली नाही.

पंगत उठल्यावर ती वर्गाच्या दारात गेली. आचल भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर दप्तर घट्ट धरून. सतरंजी तिच्याभोवती काळी झाली होती. बाकीची पोरं समोरच्या भिंतीशी गोळा झाली होती, कोणी हसत नव्हतं, हसली असती तर एखादे वेळी बरं झालं असतं. एकटी निशा पाटीच्या फडक्याने फरशी पुसत होती.

"आचल," रुख्मा म्हणाली.

पोरीने वर पाहिलं नाही.

पोळा झाला आणि आचल परत शाळेत आली. अजून नऊ दिवस आली. पुढे कळलं की ती आदल्या संध्याकाळपासून पाणी तोडायची, सकाळी चहासुद्धा घ्यायची नाही. आई-बापांना वाटायचं, पोरीची भूक कमी झाली. दहाव्या दिवशी पुनारामची सायकल आली नाही. ताप भरला होता, पाठ धरली होती, पोटात काही ठरत नव्हतं. चिचगडहून देवरीला नेलं, देवरीहून गोंदियाला. अठरा दिवस लागले.

परत आल्यावर पुनारामनेच रुख्माला रस्त्यात सांगितलं. म्हाताऱ्याने सायकल हाताने धरली होती, मागचं कॅरियर रिकामं.

"लघवी दाबू दाबू आतमंधी पू झाला म्हनते डॉक्टर. एक किडनी सुकली. दुसरी सांभारा म्हनते." त्याने सायकल या हातातून त्या हातात घेतली. "मले घरी सांगतलं असतं तं मी बसलो असतो ना वो दिवसभर शाळेत. म्हाताऱ्याले कोनतं काम आहे? पन म्हने, आजा, मी मोठी झाली, लघवीले तू नको नेऊ."

रुख्मा तशीच घरी गेली. 

दोन दिवस शाळेतून आल्यावर ती घरातच घुटमळली. तिसऱ्या दिवशी पिशवीत चार सीताफळं घेऊन त्यांच्या अंगणात गेली. आचल ओसरीत खाटेवर होती. चेहरा एवढासा झाला होता, मनगटं काडीसारखी. खाटेखाली भांडं, उशाशी पाण्याची बाटली. तिला आता दर तासाला पाणी प्यायचं होतं. ती रुख्माकडे पाहून हसली, आणि त्या हसण्याने रुख्मा खाटेच्या पायथ्याशी खाली बसली.

"मी आयकली होती वो माय तुही हाक," ती म्हणाली. 

"मले माहीत आहे."

"मंग राग नाई आला?"

 पोरीला खोटं बोलता येत नसे. "पहिले आला. मंग म्हटलं, तुही नौकरी गेली असती ना, आजी."

ती शिव्या देती, तोंड फिरवती, तर रुख्माला सोसलं असतं. हे सोसवेना. ती तशीच उठली आणि दुसऱ्या दिवशी गॅस पेटवायच्या आधी हेडमास्तरांच्या खोलीत गेली.

"मले भातावरून काढा जी. पोरीले उचलाचं काम द्या. कोनतंही नाव द्या त्या कामाले. पैसे नाई देल्ले तरी चालते."

प्रफुल सरांनी तिला बसायला सांगितलं. असं त्यांनी कधी केलं नव्हतं.

"मी चार पत्रं पाठवली, रुख्माबाई. उत्तर आलं की असं पद मंजूर नाही. आणि आता आचलचं नाव गृहाधारित शिक्षणात टाकलंय. म्हणजे ती घरीच शिकणार, योगराज सर तिच्याकडे जातील. पटावर आपल्याच शाळेत राहील, पण शाळेत येणार नाही. कागद तालुक्याला गेला."

"कागद परत येत नाई का?"

"येतो. पण तिच्या वडिलांनी सही केली आहे. त्यांनाच नको आहे."

ती त्याच पावली चैतरामला शोधत बांधीवर गेली. आचलचा बाप बांधीत उभा राहून धुऱ्याचं, पाणी अडवणाऱ्या बांधाचं, भोक मातीने बुजवत होता. रुख्माने दम खात सगळं सांगितलं. मी घरून घेऊन येईन, मी घरी सोडीन, काम गेलं तर जाऊ दे. त्याने फावडं खाली ठेवलं नाही.

"आता कायले, बाई?" तो म्हणाला. "तवा पायजे होतं."

मग त्याला वाटलं असावं, फार कठोर झालं. "पोरगी जिती आहे. मले तेवढं पुरे. शिकून तिले कोनती कलेक्टर व्हायचं होतं?"

व्हायचं होतं, असं रुख्माच्या ओठांवर आलं होतं. पण ते बोलायचा हक्क तिने त्या शुक्रवारी, हाक ऐकूनही सराट्याने वाढत राहिली तेव्हाच, घालवला होता. ती धुऱ्यावरून परत फिरली.

भातावर तीच राहिली. समितीने यंदाही तिचंच नाव कायम केलं. चुन्नीलाल स्वतः म्हणाला, बाई स्वच्छ आहे, ऐकणारी आहे.

डिसेंबरात योगराज सर आले. त्यांना आचलचं घर सापडत नव्हतं, आजवर ते शाळेतच भेटत आले होते. जेवणं आटोपली होती. रुख्मा त्यांच्या मागे मोटारसायकलवर बसून त्यांना दाखवायला गेली. आचल उन्हात खाटेवर बसली होती. सरांनी पुस्तक उघडलं, अपूर्णांकांचं पान काढलं, आवाजात उसना हुरूप आणून म्हणाले, "चल, बेचाळीस शाळांत पहिली कोण?"

पोरीने पानाकडे पाहिलं. पेन्सिल हातात घेतली, बोटांत फिरवली आणि पानावर ठेवून दिली.

"सर, मले झोप येऊन राहिली."

"एकच कर. सोपं आहे."

"निशाचा पहिला नंबर आला म्हने," ती म्हणाली. "चांगलं झालं." आणि तिने डोळे मिटले.

 सरांनी पुस्तक तिच्या पुढ्यात उभं केलं, मोबाइल काढला आणि एक फोटो घेतला. भेटीचा फोटो त्याच दिवशी वर पाठवावा लागतो. त्यांनी रुख्माकडे पाहिलं नाही. सूर्य मावळायच्या आत त्यांना अजून दोन गावं करायची होती.

मोटारसायकलचा आवाज टोल्याबाहेर गेला तरी रुख्मा खाटेपाशीच उभी होती. पोरीचं पांघरूण सरळ करावं असं तिला वाटत होतं, हात पुढे होत नव्हता.

आचलने डोळे न उघडताच म्हटलं, "जा ना आजी. भांडे राहिले असतील."

भांडी खरंच राहिली होती. रुख्मा दीड मैल चालत शाळेत परत गेली.