हिल्लाच्या बादल्या आणि अडलेला पंखा

एन्सिओचा फ्रीजर कालपर्यंत घरघरत होता, आज सकाळी गप्प झाला. गप्प झाला म्हणजे बरा झाला, असं एन्सिओने ठरवलं. फिनलंडच्या उत्तरेकडल्या त्या गावात माणसांचीही तब्येत अशीच जोखतात. पण त्याच्या बायकोने, सिर्काने, खालच्या कप्प्यातल्या माशावर बोट दाबलं आणि ते आत गेलं.

मासा गेला खड्ड्यात. माशामागे हिल्ला होती. डासांना रक्त पाजत, दलदलीत गुडघाभर रुतून एन्सिओने वेचलेली सोनेरी फळं, बादल्याच्या बादल्या. विरघळली की नुसता आंबूस लगदा. अख्खा उन्हाळा गटारात.

सिर्का म्हणाली, शेजारच्या आउनेचा फ्रीजर निम्मा रिकामा आहे, तिच्याकडे ठेवू. एन्सिओने असं बघितलं, जणू बाईने घर विकायला काढलंय. हिल्लाची जागा इथे कुणी कुणाला सांगत नाही. नातवंडं झाली तरी बायकोलाही नाही. बँकेचा पिन सांगतील, दलदल नाही. एवढ्या बादल्या बघून आउनेने अंदाज बांधला तर?

मग स्वारी स्वतःच मेकॅनिक झाली. दार उघडून बघितलं, पंखा थांबलेला. मोटर जळाली, असा निकालही देऊन टाकला. दार उघडलं की पंखा थांबतोच, हे सिर्काने सांगितल्यावर त्याने चौकटीतलं बटण बोटाने दाबून धरलं. पंखा जरा हलला आणि टक्‌ करून अडला. म्हणजे मोटर जिवंत होती. प्लग काढून आतलं मागचं झाकण उघडलं, तर पाती बर्फात गाडलेली. कारण शोधायला लांब जायला नको होतं. पाहुण्यांच्या नजरेस पडू नयेत म्हणून यानेच बादल्या मागच्या भिंतीला चिकटवून पुढे वाटाण्याच्या पिशव्या रचल्या होत्या. हवेच्या जाळ्याच बुजवल्या. स्वतःच्याच घरात चोरासारखं वागायची ही हौस.

बाहेर काढलेल्या बादल्यांकडे पाठ करून तो केस वाळवायच्या यंत्राने बर्फ वितळवत बसला. यंत्राच्या आवाजात मागचं काही ऐकू येईना. पाती बोटाने मोकळी फिरली, तेव्हा त्याने सगळं कोरडं पुसलं, झाकण लावलं, प्लग जोडला. पंखा सुरू झाला. छाती फुगवून तो वळला, तर बादल्या गायब.

सिर्काने त्या ढकलगाडीत घालून, वर फडकंसुद्धा न टाकता, भर रस्त्याने आउनेकडे नेल्या होत्या. रिकामी गाडी परत करायला आउनेच दारात उभी.

“ठेवलीय तुझी हिल्ला,” ती म्हणाली. “ओढ्यापलीकडची ना?”

एन्सिओने गाडीची मूठ तिच्या हातातून ओढून घेतली.

“तुझा गुडघा दुखतो, लांब जाववत नाही तुला. म्हणून तिकडे आम्ही कुणी वेचत नाही.”

“आम्ही म्हणजे कोण?”

“गाव, रे.”

आभार मानावेत की भांडावं, हे त्याला ठरवता येईना. फ्रीजर पुन्हा गार झाल्यावर बादल्या आणायला तो स्वतः गेला. मागच्या, झाडांतल्या वाटेने.