डावीकडून उजवीकडे जाणारं विमान

मी एका जुन्या व्हिडिओ गेममधलं विमान आहे. मित्रांनो, माझं सगळं आयुष्य डावीकडून उजवीकडे जाण्यात गेलं. समोरून शत्रू येतात, मी गोळ्या झाडतो आणि शेवटी फुटतो. पहिल्यांदा फुटलो तेव्हा वाईट वाटलं असेल, आता आठवत नाही.

मला कुणी बनवलं ते ठाऊक नाही. डोळे उघडले ते जालन्यात, मस्तगडातल्या कमरोद्दीनभाईंच्या गेम पार्लरमध्ये. लाकडी पेटी, कळकट बटणं आणि शाळा सुटली की पोरांची ही गर्दी! तिथला कायदा एकच होता. विमान फुटलं की मुकाट्यानं उठायचं आणि मागच्याला बसू द्यायचं. कुणी रुसून बसलाच, तर कमरोद्दीनभाई कॉलर धरत, "चल, उठ जल्दी! गेलं तुझं विमान." राजानंद नावाचा मुलगा मला सगळ्यांत लांब न्यायचा. पोरं त्याची वाहवा करत. माझी कुणी केली नाही, पण चालायचंच.

पुढे हातोहाती मोबाइल आले, पार्लर बंद पडलं आणि पेटी भंगारात गेली. मग जुने खेळ नव्या यंत्रांत भरायची टूम निघाली, तसा मीही एका नव्या कन्सोलमध्ये जाऊन पडलो.

तो कन्सोल यंदा राजानंदच्या मुलीनं, मोनालीनं, घरी आणला. तिची आई कौसल्या उन्हाळ्यात वारली होती. तेव्हापासून राजानंद खुर्चीत बसून होता. तो रडला नाही, चिडला नाही. जेवा म्हटलं की जेवायचा. शाळेत शिकवायला जाणंही त्यानं सोडलं होतं.

"बाबा, तुमचंच विमान हे. खेळून पाहा न."

त्यानं कंट्रोलर हातात घेतला. बोटांना सगळं आठवत होतं, चेहऱ्याला काहीच नाही. लक्षच नव्हतं त्याचं, पहिल्याच डोंगरावर आपटून मी फुटलो. नव्या कन्सोलमध्ये एक बटण असतं, ते दाबलं की खेळ मागे जातो. बाबा हरू नयेत म्हणून मोनालीनं शेजारून हात घालून ते दाबलं आणि मी पुन्हा अख्खा झालो. परत फुटलो, तिनं परत दाबलं. दुपार सरली तरी हेच चाललं होतं. मला काही वाटत नव्हतं. त्यालाही वाटत नसावं. आमची जोडी बरी जमली होती.

मग एकदा तिचा हात बटणाकडे आला, तसा त्यानं तो धरला.

"माघारी नको घेऊ, मोना. फुटलं त फुटू दे."

"पण बाबा, अजून लय खेळ राह्यला."

"तुही माय गेली." हे तो घरात पहिल्यांदाच बोलत होता. "अन् मी इथंच बसून राह्यलो. मला उठू दे आता."

आणि तो रडू लागला. इतके दिवस बापासाठी डोळे कोरडे ठेवलेली मोनालीही त्याच्या पायाशी बसून रडली. पडद्यावर माझे तुकडे झाले. तिकडे कुणी पाहिलं नाही आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं.

मित्रांनो, मला हवं तितक्या वेळा माघारी आणा, माझी तक्रार नाही. पण कुणाचं माणूस गेलं असेल, तर त्याला जिंकवायची घाई करू नका. जवळ बसा. त्याला हरलो म्हणू द्या.