उजव्या बाजूची तक्रार

मित्रांनो, भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेला, पट्टीला चिकटपट्टी गुंडाळलेला मी एक जुना हेडफोन आहे. देखणा मी कधीच नव्हतो. कारखान्यात माझ्या दोन्ही बाजू मोजूनमापून सारख्या केल्या आणि जे येईल ते जसंच्या तसं ऐकवायचं, एवढंच मला शिकवलं. त्यामुळे दुकानात मला कोणी विचारत नसे. माझे शेजारी ढोल असा घुमवायचे, की गिऱ्हाईक जागच्या जागी डोलू लागे. मी आपला कोपऱ्यात धूळ खात पडलेला.

एके दिवशी चिमी आली. वयाने चांगली मोठी, औषधांच्या दुकानात काम करणारी, पण घरातली धाकटी म्हणून अजून चिमीच. तिला स्वतःची गाणी घरीच रेकॉर्ड करायची होती. सोबत वायरिंगची कामं करणारा तिचा दादा होता. चिमीने आपलं एक गाणं फोनमध्ये आणलं होतं. प्रत्येक हेडफोनवर तिने तेच लावून पाहिलं. माझ्यावर लावलं तेव्हा तिचा चेहरा पडला.

"दादा, यात माझा सूर हललेला कळतोय."

"मग दुसरा बघ की."

"अरे, हाच हवा. बाकीचे नुसता मस्का लावतात."

मग तिने मला दादाच्या कानांवर चढवलं, आवाज वाढवला आणि जवळ उभी राहून कानोसा घेतला. माझा आवाज बाहेर फुटत नव्हता. गाताना तो माइकमध्ये शिरू नये, म्हणून हे बघावं लागतं. कानावरची गादी बदलता येते का, वायर सुटी होते का, हेही तिने विचारून घेतलं. खिशाला तर मी परवडणारा होतोच.

ते दिवस काय सांगू तुम्हाला. खोलीत आवाज घुमू नये म्हणून ती कपड्यांच्या कपाटाची दारं सताड उघडायची आणि दोरीवर रजया टांगायची. कामावरून आली, की चपला काढून थेट माझ्याकडे. गाताना मात्र तिला एक सवय होती. खोलीतला स्वतःचा आवाज ऐकू यावा, म्हणून ती माझी डावी बाजू कानामागे सरकवायची. मग एकट्या उजव्या बाजूवर तिचं भागत नसे. ती आवाज वाढवायची, पुढच्या वेळी आणखी वाढवायची. मला ते माझं कौतुकच वाटायचं.

अशी काही वर्षं गेली. एका मैत्रिणीने तिचं नवं गाणं ऐकलं आणि म्हणाली, "छान आहे गं, पण उजवीकडची गिटार डोक्यात जाते." चिमीला तर ती गिटार जेमतेम ऐकू येत होती, म्हणूनच तिने ती वाढवली होती. तिने मला पुन्हा कानांवर घेतलं आणि ठरवून टाकलं, "याची उजवी बाजू गेली."

दादाने मला उघडून तपासलं. "काही झालेलं नाही याला."

"तुला काय कळणार? तुझा अर्धा जन्म ड्रिलशेजारी गेला."

झालं, नवा हेडफोन आला आणि माझी रवानगी जुन्या चार्जरच्या खोक्यात झाली. खोक्यात तिचं गाणं पुसट ऐकू यायचं. माझ्या गादीत तिच्या केसांच्या तेलाचा वास उरला होता, त्यावर मी दिवस काढले.

आणि मग नव्या हेडफोनचीही उजवी बाजू गेली, असं तिचं म्हणणं पडलं. दादाने मला खोक्यातून काढलं, चिमीच्या डोक्यावर ठेवलं आणि गाणं लावलं.

"कुठे कमी येतंय, दाखव."

चिमीने उजव्या कानाला हात लावला.

"मी तो उलटा घातलाय, चिमे. त्या कानावर आत्ता त्याची डावी बाजू आहे."

चिमीने गाणं बंद केलं. "म्हणजे माझा कान?" तिने विचारलं. दादा मान खाली घालून माझी वायर गुंडाळत राहिला.

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, गेलेलं परत येणार नाही, उरलेलं जपा. चिमी बरेच दिवस खोलीत फिरकलीच नाही. मी खिळ्यावर लटकून दाराकडे बघायचो. तिने यावं आणि पुन्हा मलाच बिघडलेला म्हणावं, असं मला फार वाटायचं. ते खरं असतं, तर किती बरं झालं असतं.

शेवटी ती आली. आवाज अगदी कमी ठेवून तिने मला घातलं. शेजारी दादा नवा हेडफोन लावून बसला.

"उजवीकडे काय चाललंय?"

"गिटार. तुझ्या आवाजाच्या जरा मागे."

"गोड वाजतेय?"

"गोड वाजतेय."

आता गाणी अशीच पुरी होतात, त्याला विचारून विचारून.

मित्रांनो, माझी गादी फाटली तर नवी मिळते, वायर तुटली तर नवी मिळते. कानाचे सुटे भाग कुठल्याच दुकानात नसतात. म्हणून आवाज कमी ठेवा आणि मधूनमधून आम्हाला खिळ्याला टांगून द्या. आम्ही रुसत नाही. चिमीच्या उजव्या कानाशी मी आजही सगळं गाणं वाजवतो, डाव्या कानाइतकंच मन लावून. त्यातलं फार थोडं तिच्यापर्यंत पोहोचतं.